नेलपॉलिशची रेघ

श्रीवर्धनहून म्हसळ्याकडे जाताना भिकूची टपरी लागते. तिच्या समोरच्या वळणावर त्या सकाळी एक पिस्ता रंगाची म्हातारी पिकअप रस्ता अडवून उभी होती. पुढे एसटी, मागे दोन टेम्पो, आणि मधे ही बया, बॉनेटमधून वाफा सोडत!

आत एक तरुण स्टेअरिंगला लटकला होता. गाडी वळवायला त्याने दोन्ही हात लावले होते, छाती लावली होती आणि बहुधा कुलदैवतही कामाला लावलं होतं.

"अवो दादा, गाडी वळवताय का रहाट ओढताय?" भिकूने टपरीतून विचारलं. एसटीतली माणसं हसली.

तरुण खाली उतरला. कान लाल झालेले. त्याने बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला—

"हात लावू नका!"

एसटीच्या मागून एक स्कूटर वाट काढत आली. तिच्यावर ग्रीसचे डाग पडलेला कुर्ता घातलेली एक मुलगी होती. डोळे असे, की झाकणाने स्वतःहून माफी मागावी.

"आत उकळी आहे. झाकण काढलंत तर सगळं तोंडावर येईल. आणि तोंड बरं आहे..." तिने जीभ चावली. "म्हणजे, धड आहे. तसंच राहू द्या."

"आभारी आहे," तो म्हणाला. "दोन्हीबद्दल."

निवेदिताने ऐकलं नाही असं दाखवलं. पण ऐकलं होतं.

भाऊ गेल्यापासून 'भाऊ गॅरेज' तीच चालवत होती. पाटी वडिलांच्या नावाची, हात तिचे. गावाला पाटी चालायची. हातांबद्दल मात्र खात्री नव्हती. स्कूटर, मोटारसायकली यायच्या. मोठी गाडी आली की मालक विचारायचा, "दुसरं कोणी नाही का?" सुपारी संघाचे तिन्ही टेम्पो भाऊंच्या वेळी इथंच यायचे. आता ते माणगावच्या गॅरेजात जायचे. संघाचे अध्यक्ष सदाकाका प्रेमाने म्हणायचे, "पोरी, तुझ्यावर विश्वास आहे गं. घाटावर नाही."

पिकअपवाल्याचं नाव विहंग. पुण्यातली नोकरी सोडून आजोबांची सुपारीची वाडी सांभाळायला आलेला. गाडीही आजोबांचीच, आणि ह्याच गाडीतून माणगावच्या बाजारात माल न्यायचा त्याचा हट्ट.

"स्टेअरिंग हलकं करून द्याल? आणि डोकं थंड?"

"गाडीचं का तुमचं?"

"आधी गाडीचं. माझं जमलं तर बघा."

तिने एका भंगारातल्या जीपचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स आणला, चासीवर त्याला बैठक करून दिली. त्याचा पंप इंजिनाच्या तोंडाशी बसवला. तिथंच खरी मेख होती. पंपाने जागा खाल्ली, मग जुन्या पंख्याला जागा उरेना. म्हणून नवा, जाड रेडिएटर आणि त्यावर बॅटरीवर चालणारा पंखा. इंजिन तापलं की तो आपोआप सुरू होणार.

"म्हणजे वळायला सोपी केली की तापायची काळजी आली?" विहंगने विचारलं. तो रोज बॅटरी धरायला यायचा. बॅटरीचा उजेड मात्र नटावर कमी आणि तिच्या कपाळावरच्या बटेवर जास्त पडायचा.

"माणसांचंही तसंच असतं," ती गाडीखालून म्हणाली. "उजेड इकडे. मी इकडे आहे."

"तेच तर..."

"काय?"

"काही नाही. इकडे धरतो."

सगळं आवळून झालं की ती खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढायची. पाइप आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या स्क्रूवरून रबरी पाइपापर्यंत एक बारीक रेघ ओढायची. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार, म्हणजे नुसतं बघून कळणार. भाऊ यासाठी रंग वापरायचे. निवेदिताला एका मावशीने लग्न ठरावं म्हणून नेलपॉलिश दिलं होतं. ते असं सत्कारणी लागलं.

"नखांना कधी लावता?" विहंगने विचारलं.

"नखं ढिली झाली की."

तो इतका हसला की बॅटरी पडली.

गाडी तयार व्हायच्या सुमारास सदाकाका गॅरेजवर आले. एका बोटाने स्टेअरिंग फिरवून बघितलं, भुवया उंचावल्या. "दसऱ्याला संघाची पहिली पोती माणगावला जातात. ह्या गाडीत भरू. बॉनेट न उघडता घाट चढली, तर टेम्पो तुझे. नाही चढली, तर पुन्हा मला भीड घालू नकोस."

निवेदिताने मान हलवली.

विहंग गाडी घेऊन गेला... आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. रेडिएटरखाली थेंब थेंब कूलंट गळत होतं.

"वरचा क्लॅम्प सैल होता," ती पुटपुटली. स्वतःचीच लाज वाटली तिला. नवा क्लॅम्प लावला, आवळला, रेघ ओढली. तो बराच वेळ रेंगाळला. चहा प्यायला, वाडीतल्या पोफळीवर चढताना अर्ध्यातून कसा घसरला ते सांगितलं. ती हसली, पण डोळे पाइपावरच.

त्याच आठवड्यात पुन्हा गळती. ह्या वेळी भिकूच्या टपरीवरही बातमी गेली होती.

"निवूताय, गाडी गळते म्हनं?" चहा देता देता भिकू म्हणाला. वाईट नव्हता तो. पण बाकावरचा एकजण मागून बोललाच, "बायकांच्या हातचं काम हाय ते. मन लावून करतात, जोर लावून न्हाय."

चहा तसाच ठेवून ती उठली. गॅरेजात येऊन तिने सगळे पाइप उतरवले, पुन्हा बसवले. आपला हात खरंच कमी पडतोय का? भाऊंच्या पाटीकडे बघवेना. तिसऱ्यांदा आवळताना मनगटात कळ गेली. रेघ ओढताना बोट थरथरलं आणि रेघ जरा वाकडी आली, मधे एक ठिपका राहिला.

त्या वाकड्या रेघेनेच घात केला. कुणाचा, ते पुढे कळेल.

खंडेनवमीच्या दिवशी गॅरेजातली सगळी हत्यारं पाटावर मांडलेली होती. पाने, पकडी, हातोडा, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. हत्यारं पूजेला बसली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. भाऊंनी कधी लावला नाही, तीही लावत नसे.

तेवढ्यात पिस्ता रंगाची पिकअप दारात आली. हार घातलेली, धुतलेली... आणि गळणारी.

"परत..." विहंग म्हणाला. चेहऱ्यावर अपराधी हसू होतं. ते तिला आज पहिल्यांदा नीट दिसलं.

हातात पाना नव्हता, म्हणून ती नुसती वाकून बघत राहिली. इतर वेळी तिने लगेच आवळायला घेतलं असतं. आज बघण्यावाचून काही करता येत नव्हतं. वाकड्या रेघेचा ठिपक्याचा तुकडा पाइपावर होता. उरलेला स्क्रूबरोबर पार पलीकडे गेला होता. हादऱ्याने स्क्रू इतका फिरत नाही. आणि स्क्रूच्या खाचेत एक नवा ओरखडा चमकत होता.

ती सरळ झाली.

"हे कुणी फिरवलं?"

तो गाडीच्या हारातली फुलं सरळ करू लागला.

"मी काय विचारतेय?"

"...मी." त्याने खिशातून सुपारी सोलायची लहानशी सुरी काढली. "तिन्ही वेळा."

"का?"

"गाडी धडधाकट झाली तर मी इथं कुठल्या निमित्ताने येणार होतो, निवेदिता?"

गोष्टीतल्या मुली अशा वेळी लाजतात. निवेदिताचे ओठ पांढरे पडले.

"तुमचं निमित्त झालं," ती अगदी हळू बोलली. "माझं नाव गेलं. गावात लोक म्हणतायत, बाईच्या हाताला जोर नाही. तीन आठवडे मी माझ्याच हातांवर संशय घेतेय. आणि उद्या घाट आहे."

विहंगचं हसू कुठल्या कुठे गेलं. "मी... असा विचारच नाही केला."

"हो ना. तुमची गाडी बंद पडली तर तुम्हाला चहा मिळतो. मला नाही."

"मी आवळतो. आत्ता—"

"आवळा. ज्याने सैल केलं त्याने आवळावं. माझी हत्यारं आज पूजेत आहेत." तिने कूलंटचा डबा त्याच्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवली. "उद्या गाडी मी चालवणार. तुम्ही यायचं असेल तर या. बोलायचं नाही."

दसऱ्याला सकाळपासून परतीचा पाऊस आभाळात दबा धरून बसला होता. टपरीवर गर्दी होती. आपट्याची पानं हातोहात फिरत होती. पिकअपमध्ये पोती भरून ताडपत्री बांधलेली. निवेदिता पहाटेच उठून क्लॅम्प तपासून, नवी रेघ ओढून आली होती. ती चावी घ्यायला पुढे झाली, तोच विहंग टपरीच्या बाकावर उभा राहिला. अक्षरशः बाकावर.

"एक सांगायचंय," तो ओरडला. आवाज फाटला. "ही गाडी तीनदा गळली. तिन्ही वेळा क्लॅम्प मी सैल केला. ह्यांच्या कामात काही खोट नव्हती. खोट माझ्यात."



"आरं पन का?" भिकूच्या हातातली किटली तशीच तिरपी.

"कारण..." त्याने निवेदिताकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे. "मला गॅरेजवर जायला आवडतं म्हणून."

हशाचा असा लोट उठला की कावळे उडाले. कुणी शिट्टी मारली. "पुण्याला शिकून आला आनि हे शिकला व्हय!" विहंग लालबुंद होऊन तिथंच उभा राहिला. खाली उतरला नाही, सगळं हसू अंगावर घेतलं.

निवेदितालाही हसू आलं. तिने ते दाबून टाकलं. क्षमा अशी टपरीवर मिळत नाही.

"ते सगळं ठीक," सदाकाका छत्री टेकवत म्हणाले. "पण घाट तर चढावाच लागेल, पोरी."

"चला."

पुढच्या एकाच बाकड्यावर तिघं. ती चाकाशी, सदाकाका खिडकीशी, मधे विहंग, अंग चोरून. घाट लागला आणि पाऊस कोसळला. पहिलं वळण तिने एका हाताने घेतलं. सदाकाकांनी "हं" केलं. दुसऱ्या वळणावर दरडीची माती रस्त्यावर आली होती. चाक झर्रकन फिरवून तिने गाडी मातीच्या कडेने काढली. ह्याच चाकाला एकदा विहंग लटकला होता.

तिसऱ्या वळणावर वरून एसटी आली. रस्ता एका गाडीपुरता. निवेदिताने ऐन चढावर गाडी थांबवली. एसटी इंच इंच मागे जाऊ लागली. उभ्या गाडीला वारा लागत नव्हता. तापमानाचा काटा सरकायला लागला.

"बाई, काटा बघ," सदाकाका म्हणाले.

"बघतेय."

काटा लाल पट्ट्याच्या केसभर अलीकडे. पंखा सुरू व्हायला हवा होता... पंखा गप्प. काचेवर पाऊस, आत तिघांचे श्वास.

तिने मान न वळवता विचारलं, "आणखी कशाला हात लावलायस?"

तिच्या तोंडून 'तू' निघालं हे तिलाही कळलं नाही. त्याला कळलं.

"नाही. आजोबांची शपथ. फक्त क्लॅम्प."

इंजिन बंद करून बॉनेट उघडावं, तर पैज हरली. थांबावं, तर ह्या माणसाच्या शब्दावर थांबायचं. तीनदा खोटं वागलेला माणूस. आणि आज सकाळी सगळ्या गावासमोर बाकावर उभा राहिलेला माणूस. तिचा हात चावीवर गेला... आणि परत चाकावर आला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग पंखा लागेल."

घर्रर्रर्र.

बॉनेटखालून तो आवाज आला तेव्हा तिघांनीही एकदमच श्वास सोडला. काटा थबकला. मग नको नको म्हणत मागे सरकला. एसटी बाजूला झाली. पिकअप पोत्यांसकट, ठसक्यात वर निघाली.

माथ्यावर तिने गाडी कडेला घेतली, घाईत जरा रस्त्यावरच राहिली. सदाकाका उतरले, पावसातच बॉनेटवर तळवा ठेवला. "तापलीय. पण रागावलेली नाही," ते म्हणाले. "दसरा झाला की टेम्पो येतील. तिन्ही." मग दोघांकडे आळीपाळीने बघून छत्री उघडली. "मी जरा पाय मोकळे करतो. म्हातारपणी लागतं तसं."

आत फक्त टपावरचा पाऊस.

"मी गॅरेजवर येऊ का?" विहंगने विचारलं. "गाडी धडधाकट असताना?"

"कुठल्या निमित्ताने?"

"निमित्ताशिवाय. नुसताच."

"मी अजून रागावलेय."

"माहितीय. राग जाईपर्यंत दाराबाहेर बसेन. बॅटरी घेऊन."

ती हसणार नव्हती. हसली. मग खिशातून लाल बाटली काढली.

"हात दे."

त्याने हात स्टेअरिंगवर ठेवला. तिने आपला हात शेजारी ठेवला, अंगठ्याला अंगठा चिकटवून. आणि त्याच्या नखापासून आपल्या नखापर्यंत एक बारीक, सरळ रेघ ओढली. ह्या वेळी बोट थरथरलं नाही. थरथरला तो.

"वाळेपर्यंत हलायचं नाही."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावर कुणी काही सैल केलं," ती म्हणाली, "तर मला नुसतं बघून कळतं."

मागून एका एसटीने रस्ता मागत हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. पिस्ता रंगाची पिकअप वाट अडवून उभी होती, आणि आत कुणीच हात हलवायला तयार नव्हतं.