बटर पेपरचा खोका

"हा पिवळा बल्ब काढा आधी, मॅडम. ह्या उजेडात चांदीसुद्धा पितळ दिसती."

दारातला उंच तरुण हे म्हणाला आणि योगिनीनं वर बल्बकडे पाहिलं. नाशिकच्या गोदाकाठच्या पोलीस चौकीत ती कंत्राटी ऑपरेटर. बेवारस मृतांजवळच्या वस्तूंचे फोटो काढून ओळख पटवण्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, हे तिचं काम. गेल्या महिन्यात लेकाला शोधत आलेली धोंडाबाई ह्याच बल्बखाली काढलेला अंगठीचा फोटो बघून म्हणाली होती, "पितळेची हाय. माझ्या लेकाची नाय." अंगठी चांदीची होती आणि लेक तिचाच होता... हे कळेपर्यंत त्याला बेवारस म्हणून अग्नी देऊन झाला होता.

तरुण सायखेड्याचा, मांडवाच्या लायटिंगचं काम करणारा सुयश. आठ दिवसांपासून बेपत्ता असलेल्या थोरल्या भावाची, मनोजची, चौकशी करायला आला होता.

दुसऱ्या दिवशी तो मोठा खोका घेऊनच आला. तीन बाजूंना खिडक्या कापून त्यांवर बटर पेपर चिकटवला, बाहेरून पांढरे दिवे लावले, आत कार्डशीट वाकवून घातला. योगिनीनं त्यात एक जोडवं ठेवलं. ना सावली, ना चमक. बारीक नक्षीसुद्धा स्पष्ट दिसली.

"काय द्यायचं तुम्हाला?"

"चहा. रोजचा."

"रोज काय काम तुमचं इथं?"

"भाऊ शोधतोय ना..." तो हसला, आणि हसल्याची लाज वाटून खाली बघू लागला.

तीन आठवडे तो येत राहिला. ती वस्तू मांडायची, तो दिवे सारखे करायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही हात मागे घ्यायची. मेलेल्यांच्या वस्तूंपुढे बसून आपल्याला कोणी आवडावं, ह्याची तिला भीती वाटायची. पण तो आवडत होता. भाऊ सापडला की हा यायचा थांबेल, असं एकदा मनात आलं, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

मग एका सोमवारी नव्या वस्तूंचं पाकीट आलं. पाणवेलीत अडकलेला मृतदेह, चेहरा ओळखू न येणारा. खिशात फक्त किल्ल्या. किचेन मळलेलं होतं, पण खोक्यात ठेवताच अक्षरं वाचता आली — 'सुयश लायटिंग', खाली नंबर. तो तिला पाठ होता.

फोटो तिनं ग्रुपवर टाकला नाही. फोन केला.

"काय मॅडम, बल्ब उडाला?"

"सुयश... ये. मी आहे इथं."

तो आला. खोक्यात वाकून बराच वेळ बघत राहिला.

"मीच छापून घेतली होती ही किचेन. दादा गावभर वाटायचा... पण ही किल्ली आमच्याच घराची."

तो फरशीवरच बसून रडला. योगिनी शेजारी बसली. हवालदार बघत होते, तरी तिनं त्याचा हात सोडला नाही.

उठताना तो म्हणाला, "आता इथं यायला कारण नाय उरलं."

"माझ्यासाठी ये."

"तेरावं होऊ दे."

चौदाव्या दिवशी तो आला, मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी घालून. खूप वाळला होता.

"आई विचारत होती, कुठं चाललास म्हणून."

"मग... काय सांगितलंस?"

"तुझं नाव."