सहावी ओळ

मोरेश्वर घाटोडे वीज मीटर तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला, त्याच वर्षी काचबिंदूने त्याच्या बायकोचे, अलकाचे डोळे गेले. तेव्हापासून सौंसरच्या त्या घरात दुपारचा सिनेमा ती फक्त ऐकायची. एकदा वैतागून म्हणाली, "समदे एकाच डब्यातून बोलतात जी. कोन कुठं उभं हाय, समजतच नाही."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. पुढच्याच बुधवारी तो पांढुर्ण्याला पंकजच्या टीव्ही-स्पीकरच्या दुकानात गेला. पाच छोटे स्पीकर पसंत पडले. अडलं ते रिसिव्हरवर. स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा तोच, आणि पेन्शनीत बसणारे तीनच होते.

"वॅटचे मोठे आकडे पाहू नका सर, खोक्यावर काहीबी छापतात," पंकज म्हणाला. "हा सस्तावाला घ्या. याले माइक हाय. बसायच्या जागी ठेवा, कोनता स्पीकर किती दूर हाय, तो स्वतःच मोजते."

मोजण्यावर मोरेश्वरचा जन्मभराचा विश्वास. त्याने तोच घेतला.

घरी त्याने समोर आणि दोन्ही बाजूंना स्पीकर लावले, वायरी ओढल्या, दिवाणावर उशा रचून कानाच्या उंचीवर माइक ठेवला. एकेका स्पीकरमधून टक् टक् आवाज निघाला. पाच वेळा. मग शांतता.

"मागचा लय दूर लावला तुमी," दाराशी बसलेली अलका म्हणाली.

"कोनता मागचा?"

"आता वाजला तो. सहावा."

टीव्हीवर ओळी उमटल्या होत्या. पाच ओळी, पाच अंतरं. खाली सहावी: मागे, ४.१ मीटर.

त्याने टेपने मोजून पाहिलं. दिवाणापासून मागची भिंत तीन मीटरवर होती. म्हणजे सहावा भिंतीच्या पलीकडे. तो वळसा घालून परसात गेला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग, त्यामागे संत्र्याची चार झाडं. बाकी काही नाही. रिसिव्हरच्या मागे वायरी लावायच्या जागाही पाचच होत्या.

"सर, त्या मॉडेलमध्ये सहावी ओळच नाही," पंकज फोनवर म्हणाला. "काही गलती झाली असन. परत मोजा."

दुसऱ्या दिवशी त्याने परत मोजलं. २.८ मीटर. भिंतीच्या अलीकडे, घरात.

त्याने पडद्यावरच्या ओळी घालवल्या. सिनेमा लावला. अलका पहिल्यांदा हसली; डावीकडून टांगा आला तेव्हा तिने मान डावीकडे वळवली. त्याला बरं वाटलं. मग मध्येच तिने मान मागे वळवली आणि तशीच ठेवली.

"आवाज कमी करा जी."

"काऊन?"

"मागची बाई काय म्हनते, ते ऐकू येऊन नाही राहिलं."

मोरेश्वरने टीव्ही बंद केला. पंख्याची घरघर तेवढी राहिली. अलका ऐकतच होती.

"कोन बाई, अलका?"

"एकटी नाही ती," अलका म्हणाली.

त्याने पाचही स्पीकरांच्या वायरी उपटल्या. मग, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण तिच्या शेजारी माइक ठेवून त्याने पुन्हा बटण दाबलं.

कुठूनच आवाज आला नाही.

पाच ओळींपुढे 'नाही' उमटलं.

सहावीपुढे ०.३ मीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने सगळं खोक्यात भरलं. शेजारच्या वत्सलाला अलकाजवळ बसवलं आणि पांढुर्ण्याची बस धरली. पंकजने डबा दुकानात लावून पाहिला. पाचच ओळी आल्या. मोरेश्वरच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने डबा ठेवून घेतला.

परतताना मोरेश्वरला बसमध्ये डुलकी लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी तो घरी पोचला, तेव्हा वत्सला भर उन्हात ओट्यावर बसली होती. पदराने तोंड पुसत होती.

"बाहेर काऊन बसून राहिली बाई? अंदर कूलर हाय ना."

"वहिनींनी उठवलं, भाऊ." ती अवघडून हसली. "अंदर बसाले जागा नाही म्हनाल्या."

त्याने दार लोटलं. चार माणसं ऐसपैस बसतील असा तो दिवाण. अलका त्याच्या एका टोकाला अंग चोरून बसली होती. पदर डोक्यावरून घेतलेला. रिकाम्या जागेकडे तोंड करून ती मान हलवत होती. आधी शेजारी, मग जरा पलीकडे, मग आणखी पलीकडे.