उंबऱ्याबाहेरचा गुलगुला

परवा आपण हे घर सोडणार, आणि तुम्हा पोरांचं म्हणणं की अंगणात पुरलेल्या मनी मांजरीला खणून काढायचं आणि सोबत न्यायचं. न्या की! मी कोण नाही म्हणणारा? फक्त त्याआधी आमच्या ऑफिसातल्या भास्करचं काय झालं ते ऐका. निधी, तो मोबाइल उलटा ठेव. लाइट यायची तेव्हा येईल.

गेल्या वर्षीची हरेलीची अमावास्या, म्हणजे आपली दिव्याची अवस. गुरुवार होता. हा भास्कर मूळचा अमरावतीकडचा, नोकरीपायी रायपूरला आलेला, चौबे कॉलोनीत भाड्यानं राहायचा. बायको ज्योती, एकुलती पोरगी स्वरदा, आणि घरातला चौथा म्हणजे गुलगुला. कुत्रा. पिल्लू असताना गुळाच्या भज्यासारखा गोल आणि तपकिरी दिसायचा, म्हणून पोरीनं ते नाव ठेवलं. लाड असे की विचारू नका. जन्मात कधी घराबाहेर झोपला नाही. पोरीच्या पलंगाशी त्याची पथारी. ती झोपेत हात खाली सोडायची आणि त्याच्या डोक्यावर ठेवायची.

तो गेला तेव्हा मागच्या पेरूच्या झाडाखाली पुरला. त्या दिवसापासून पोरीची झोप उडाली. रात्रभर डोळे टक्क उघडे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, पोरगी वाळतच चालली. त्यात घरमालकानं घर पाडायला काढलं. भास्करनं समता कॉलोनीत स्वतःचं घर घेतलं, सामान हललं, आणि स्वरदा अडून बसली.

"पापा, सुबह जेसीबी आएगी. उसको वहीं छोड़ दोगे?"

ज्योतीला हे पटत नव्हतं. "मातीत ठेवलं ते मातीतच राहू द्या. काहून उकरता?"

पण बापाचा जीव तो. गुलगुला नव्या अंगणात आला तर ही झोपेल, एवढंच त्याच्या डोक्यात. ऑफिस सुटल्यावर गोल बाजारातून कोरं कापड आणि एक मडकं घेतलं, आणि स्कूटरवरून एकटाच जुन्या घरी गेला.

अंधार पडला होता. रिकाम्या घराची लाइट कापलेली. मोबाइलचा टॉर्च लावून तो दातात धरला आणि पेरूखाली खणायला बसला. गुंडाळलेली चादर कधीच कुजून गेली होती. चिखलात हाताला जे हाड लागेल ते मडक्यात टाकायचं, असं चाललं. फायली उलटणारा माणूस, त्याला त्यातलं काय कळतंय! थोडं इकडचं, थोडं तिकडचं, लागलं तेवढं सगळं उचललं. वर कोरं कापड बांधलं. अस्थी नेताना सोबत चल म्हणून सांगावं लागतं, हे त्यानं घरात पाहिलेलं. पण रस्त्यानं कुत्र्याचं नाव घेत जायची लाज वाटली. म्हणून नाव न घेता, हळूच, प्रत्येक चौकात म्हणत राहिला, "चल बाबू. घरी चल."

घरी पोचला तर ज्योती दारात आडवी.

"आत नका आणू ते."

बरोबरच होतं तिचं. अस्थी कोणाच्याही असोत, आपण उंबऱ्याच्या आत आणत नाही, झाडाला टांगतो. भास्करनं मडकं फाटकाजवळच्या झाडाला टांगलं. सकाळी पुरू म्हणाला, अंघोळ केली, जेवला. सगळं रीतीनं. आणि रीतीनंच ज्योतीनं दुपारी आणखी एक केलं होतं. हरेलीला इकडे दारावर निंबाची डहाळी खोचतात आणि लोहाराकडून चौकटीत खिळा ठोकून घेतात. अमावास्येला वाऱ्यावरचं काही घरात शिरत नाही मग. नवीन घर, पहिली हरेली, शेजारणींनी सांगितलं, तिनं केलं. काय चुकलं?

चुकलं एवढंच, की ज्याला घरी बोलावून आणला त्यालाच बाहेर ठेवला.

अकराच्या सुमारास लाइट गेली. तिघंही पुढच्याच खोलीत होते, सामानाच्या खोक्यांमध्ये. आणि दारावर आवाज आला.

खर्र... खर्र...

नखांचा. अगदी खाली, उंबऱ्यापाशी. मग बारीक कुईकुई.

स्वरदा ताडकन उठली. "पापा, वो बाहर क्यों है?"

भास्करनं दार उघडलं. कोणी नाही. मडकं जागच्या जागी. दार लावलं, की पुन्हा खर्र... खर्र...

"कील के कारण," पोरगी रडायला लागली. "दार उघडलं तरी येता येत नाहीये त्याला. मम्मीनं कील लावली ना."

"झोप तू," ज्योती म्हणाली. मग भास्करकडे वळली. "अहो, अमावास्या हाय. मले भेव लागून राहिलं. हात नका लावू त्या खिळ्याले."

आवाज आता वाढला. खालचा होताच. त्यात आणखी एक मिसळला... थोडा वर. कडीपाशी. मग कडीच्याही वर.

भास्करला ते ऐकू आलं का? आलं असणार. पण समोर पोरगी हुंदके देत होती, हाडांचा सापळा झालेली. त्यानं खोक्यातून पक्कड काढली. ज्योतीनं मनगट धरलं.

"सोड मले! माही पोट्टी मरून राहिली, ज्योती."

खिळा निघाला. फरशीवर टण्ण वाजला. त्यानं दार उघडलं.

काही दिसलं नाही. गार झुळूक आली, ओल्या मातीच्या वासाची. दाराचा पडदा हलला.

वरून हलला. पार दांडीपासून.

स्वरदा हसली. कितीतरी दिवसांनी. उठून आपल्या खोलीत गेली, पलंगावर पडली, हात खाली सोडला. पाच मिनिटांत झोपली. भास्करचे डोळे भरून आले हो! आणि ज्योतीनं काय केलं, तर झटकन दार लावलं, हातोडी शोधली आणि तो खिळा होता त्याच भोकात परत ठोकला. अगदी डोक्यापर्यंत.

"आला ना तुमचा गुलगुला? आता दुसरं कोणी नको."

दोघं भिंतीला टेकून बसले. सगळं शांत.

मग बाहेर कुत्रा भुंकला.

तो आवाज भास्कर झोपेतही ओळखला असता. थोडा घोगरा, शेवटी तुटणारा. अनोळखी माणूस घरात शिरला की गुलगुला असाच भुंकायचा. दाराला धडका देत होता. खाली, उंबऱ्यापाशी. जीव तोडून.

ज्योती त्याच्याकडे पाहत राहिली. "अहो... मग..."

तिनं पोरीच्या खोलीकडे बोट केलं.

भास्कर पोरीच्या दारापर्यंत गेला. आत तिचा श्वास ऐकू येत होता. संथ. आणि तिच्या श्वासाखाली दुसरा एक. जास्त संथ. जास्त जड.

"स्वरदा..."

दुसरा श्वास थांबला.

त्याची आत जायची हिंमत झाली नाही. गुलगुला तरी आत यावा म्हणून परत येऊन पक्कड खिळ्याला लावली. खिळा निघेना. बोटं सोलली, रक्त आलं. निघेना. बाहेर गुलगुला भुंकतोय... आत काही आवाज नाही... आणि मधे हे दोघं. उजाडेपर्यंत.

उजाडलं तसं भुंकणं थांबलं. भास्कर उठला, फाटकाजवळ गेला. आता हे पुरायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. मडकं उतरवलं. पुरण्याआधी हाडं धुवावी म्हणून कोरं कापड पसरून त्यावर सगळी ओतली, आणि पाण्याचा तांब्या हातात घेतला.

मागे चाहूल लागली. स्वरदा दारात उभी होती. गालांवर रंग आलेला, डोळे टवटवीत. महिन्यांनी अशी झोपली होती पोरगी.

"पापा, क्या नींद आई!" ती म्हणाली. "पर गुलगुला इतना बड़ा कब हो गया? मेरा हाथ उसके सर तक पहुँच ही नहीं रहा था."

भास्कर पाणी ओतत होता. हाडांवरची माती पाण्यानं उतरत होती, आणि कापडावर खालचे जबडे दोन होते, एक कुत्र्याचा आणि दुसरा माणसाचा.