शेवटच्या ओळीवरचा दिवा

"आई गं!"

चष्मा विसरला म्हणून ती संध्याकाळी ग्रीनहाऊसमध्ये परतली होती, आणि चष्मा नसल्यामुळेच तिचा गुडघा कुंड्यांच्या लोखंडी मांडणीवर सणकून आपटला होता. तेवढ्यात समोर लख्ख उजेड पडला. ग्रीनहाऊसचे दोन भाग करणाऱ्या मधल्या काचेपलीकडून कुणीतरी एक उंच दिवा तिच्याकडे वळवला होता.

"लागलं का हो?"

"छे! मी आनंदानं ओरडले."

पलीकडचा हसला. हसताना त्याचे कान हलतात, हे तिला चष्म्याशिवायही दिसलं.

संशोधन केंद्रात तिला सगळे लिंबूताई म्हणत. ती क जीवनसत्त्वावर काम करायची म्हणून, आणि थोडं जिभेच्या आंबटपणामुळेही. तो दिवेवाला. कोणत्या उजेडात कोणतं रोप कसं वाढतं, हे पाहण्यासाठी त्याच्या अर्ध्या भागात दिवेच दिवे टांगलेले असत. त्या संध्याकाळनंतर ती रोज शेवटच्या ओळीपाशी उपड्या बादलीवर बसून नोंदी लिहू लागली, आणि त्या उंच दिव्याचा उजेड तिच्या वहीवर पडू लागला. काचेच्या फटीतून गप्पा चालत.

"तुमच्या पालकाची तब्येत काय म्हणते?"

"अर्धपोटी आहे बिचारा. या शेवटच्या ओळीला मी खत निम्मंच देते."

"इतक्या निष्ठुर आहात?"

"पोटाला चिमटा बसला की झाड क जीवनसत्त्व जास्त साठवतं का, ते बघायचंय. पानांच्या पेशी गंजू नयेत म्हणून झाडाला ते लागतं."

"मग मीही उद्यापासून अर्धपोटी राहतो. गंजायला नको…"

असं म्हणून तो तिच्याकडे बघत राही, आणि ती उगाचच पालकाची पानं मोजायला लागे. मोजताना हमखास चुके.

सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, पण तिची नेमणूक त्या महिनाअखेरीला संपत होती. निष्कर्ष ठळक आला तर मुदत वाढणार, नाहीतर चंबूगबाळं आवरून लांबच्या गावी आईबाबांकडे परत. रोज नोंदी लिहिताना ती उरलेले दिवस मोजे.

शेवटी पानं खुडायचा दिवस उजाडला. प्रयोगशाळेत ती पानांच्या आंबट अर्कात वरच्या नळीतून निळ्या रंगाचा एकेक थेंब सोडत होती. अर्कात क जीवनसत्त्व आहे तोवर थेंबाचा रंग उडतो. ते संपलं की पुढचा थेंब गुलाबी होतो आणि गुलाबीच राहतो. रंग जितका जास्त खपेल, तितकं जीवनसत्त्व जास्त. पोटभर खत मिळालेल्या ओळी झटपट गुलाबी झाल्या होत्या. पण शेवटच्या ओळीचा अर्क काही केल्या होईना. नळी संपत आली… तरी नाही!

"अगं बाई!" ती इतक्या जोरात किंचाळली की शेजारच्या खोलीतून केंद्राच्या प्रमुख मॅडम धावत आल्या.

ती पुन्हा करून बघायला लागली. पुन्हा तेच. मॅडमचे डोळे कपाळात गेले.

"दुप्पट? अगं, हे असं कुठं असतं का! उद्या सगळ्यांसमोर मांड. तुझी मुदत वाढलीच म्हणून समज!"

ती पळतच ग्रीनहाऊसमध्ये गेली. दिवेवाला रोपांना पाणी देत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं, आणि तो हसायच्या ऐवजी पांढराफटक पडला.

"कुठली ओळ म्हणालात?"

"शेवटची. तुमच्या दिव्याजवळची."

त्याच्या हातातला पाण्याचा पाइप खाली पडला आणि पाणी त्याच्याच बुटांवर उडू लागलं. त्याला ते कळलंही नाही.

"तो दिवा… तुम्ही गेल्यावर मी बंद करत नव्हतो. फाटक लागेपर्यंत तसाच ठेवायचो."

"काय?"

"रोज."

ती जागच्या जागी थिजली. उजेड वाढला की पानातलं क जीवनसत्त्व वाढतं, हे तिला माहीत होतं. त्याला तर जास्तच. म्हणजे हा शोध उपासमारीचा नव्हता. त्या ओळीला सगळा हंगाम जादा उजेड मिळत होता!

"पण का? कशासाठी?"

"तुम्ही परत आलात तर… पुन्हा गुडघा आपटायला नको म्हणून."

तो खाली मान घालून बोलत राहिला.

"दिवसभर उजेडच मोजतो मी. तो दिवा मात्र कधी हिशेबातच धरला नाही. तो रोपांसाठी नव्हताच ना!"

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही. तुम्ही इथंच राहिला असतात, आणि मला तेवढंच हवं होतं. पण उद्या दुसऱ्या कुणी हाच प्रयोग केला आणि तुम्ही खोट्या ठरलात, तर?"

"मला तुमचं तोंडही बघायचं नाही!" असं म्हणून ती तरातरा निघून गेली. खोलीवर जाऊन पोटभर रडली. तिला त्याचा भयंकर राग आला होता. त्याहून जास्त राग स्वतःचा आला होता, कारण इतकं वाटोळं होऊनही मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी गुणगुणत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खरं बोललीस, शाब्बास. पण मुदत वाढवायला आता हातात काही उरलं नाही गं."

आणि काम संपल्यावर ग्रीनहाऊसमध्ये एकही दिवा जळता दिसता कामा नये, अशी सक्त ताकीद सगळ्यांना मिळाली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिनं किल्ली परत केली, सगळ्यांचा निरोप घेतला. दिवेवाला तेवढा कुठं दिसला नाही. ती फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली. मग एकदम वळली आणि झपाझप चालत ग्रीनहाऊसमध्ये शिरली. आत काळोख होता.

"आई गं!"

तीच मांडणी. तोच गुडघा.

खट्ट करून दिवा लागला. काचेपलीकडे तो तोंडाचा आ वासून उभा होता.

"तुम्ही? काय… चष्मा विसरलात?"

"नाकावर आहे."

"मग?"

"इतके दिवस उजेड ठेवलात तेव्हा मी एकदाही आले नाही. आज आले, तर नेमका अंधार!"

"मॅडमनी सांगितलं म्हणून… मी नुसताच बसलो होतो."

"दिवा लावायचा धीर होतो, आणि विचारायचा होत नाही? विचारा आता. काय विचारायचंय ते विचारा!"

फार तर पत्ता विचारेल, पत्र लिहू का म्हणेल, असा तिचा अंदाज होता. त्याचे कान हलले.

"माझ्याशी लग्न कराल?"

ती मटकन बादलीवर बसली.

"अहो… मला वाटलं, पत्ता विचाराल!"

"तोही द्या."

"असं एकदम कुणी विचारतं का?"

"तुम्हीच म्हणालात, विचारा."

ती गुडघा चोळत राहिली. आणि मग "हो," असं कुणीतरी म्हणालं. तो आवाज आपलाच आहे हे लक्षात आल्यावर ती त्याच्याहून जास्त दचकली.

त्याला मॅडमची ताकीद आठवली असावी. त्यानं घाईघाईनं बटणाकडे हात नेला.

"राहू दे," ती म्हणाली. "आता बिघडायला माझा प्रयोग उरलेला नाही."