बारीकसारीक चुका

आमची भेट झाली ती माझ्या विसरभोळेपणामुळे. तारखा आणि वेळा मोजणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, जगभरचे प्रोग्रामर ते वापरतात. कुणीही त्यात दुरुस्ती पाठवावी आणि सांभाळणाऱ्यानं ती तपासून घ्यावी, अशी त्याची रीत. मी भालकीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. दिवसभर बोलायला कुणी नाही, सोबतीला फक्त कुकरच्या शिट्ट्या. म्हणून एकदा मीही दुरुस्ती पाठवली, आणि कोडमध्ये स्वतःशीच लिहिलेली ओळ काढायची राहून गेली: 'हे मेलं कामून अडकायलंय?'

उत्तर आलं, "आता न्हाई अडकत. तुम्ही भालकीकडच्या का हो?"

तो अमरेश, ते सॉफ्टवेअर सांभाळणारा. मूळ आमच्याच बिदर जिल्ह्यातल्या जनवाड्याचा, राहायला बेंगळुरूला.

मग मी दर आठवड्याला दुरुस्ती पाठवू लागले. त्यात बारीकसारीक चुका मुद्दाम ठेवायचे... म्हणजे तो परत पाठवणार, वर दोन ओळी जास्तीच्या लिहिणार. असे आठ महिने गेले. नंबर ना त्यानं मागितला, ना मी दिला. तो मला आवडायला लागला होता आणि सांगायची हिंमत होत नव्हती, एवढंच.

मंगळवारी प्रोग्रामरांच्या बातम्यांत वाचलं, सांभाळणारा सोडून चाललाय, महिनाअखेर सॉफ्टवेअर बंद. साऱ्या जगाबरोबर मलाही तेव्हाच कळलं! आमच्यात तेवढाच एक धागा होता. रागारागात माझ्या शेवटच्या दुरुस्तीखालीच त्याला लिहिलं, "रविवारी अकराला, भालकी बसस्टँड. तोंडानं सांगून तरी जा."

तो आला. प्रोफाइलवरच्या फोटोपेक्षा सावळा आणि फारच लाजरा. कँटीनमध्ये चहा मागवला.

"कामून सोडायलास?" मीच विचारलं.

"आयर्लंडची नोकरी हाय. बाहेरचं कोड लिहायचं न्हाई, असा करार. तीन वर्षं."

"मग माझ्या चुका कोण काढणार?"

तो हसला. "मुद्दाम ठेवलेल्या? म्हाईत होतं मला. म्हणून तर एकेक दाखवायलो... सगळ्या एकदम दाखवल्या असत्या तर आठवडाभर गप बसली असतीस."

माझे कान तापले.

"सॉफ्टवेअर तुझ्या नावावर करतो," तो म्हणाला. "बंद पडायचं न्हाई."

"मला सॉफ्टवेअर नको, अमरेश. तू पाहिजेस."

त्यानं कप बाजूला सारला. "मला बी तूच पाहिजेस, दानेश्वरी."

"मग मला लिहायला करारात बंदी हाय का?"

"न्हाई. पण तुला लिहिलं की परत यावं वाटंल... आणि आमच्या अप्पांनी गावभर पेढे वाटलेत."

"म्हणजे जायलास."

"व्हय."

त्याची बिदरची गाडी लागली. दारापाशी त्यानं पहिल्यांदाच माझा हात धरला. कंडक्टर ओरडला तरी तो सोडेना. मला तर सोडायचाच नव्हता. पण गाडी हलली — आणि हात मीच सोडला.