बारावा कोट

अर्विला लुडलोनं त्या उंच माणसाच्या छातीभोवती टेप गुंडाळली, आकडा वाचला आणि वही उघडेपर्यंत विसरली.

“पुन्हा घ्या,” तो म्हणाला. “मला काही घाई नाही.”

“आधी श्वास सोडा. छाती फुगवून उभे राहिलात तर कोट ढगळ होईल.”

“फुगवलेली नाही. अशीच आहे.”

तिनं वर पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर हसू आलं असतं, आणि बेथुएल गावात बिशपची मुलगी परक्या माणसासमोर हसली, की रविवारच्या प्रार्थनेआधी ती बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचलेली असते.

प्रार्थनाघरामागच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये महिनाभर हाच मापं घ्यायचा आणि जुन्या धर्तीचे कपडे शिवायचा उद्योग चालला होता. गावाखालच्या कुरणात, तिथंच घडलेल्या एका जुन्या हत्याकांडावर सिनेमा बनत होता. एकशे साठ वर्षांपूर्वी पश्चिमेला निघालेला एक तांडा त्या कुरणात उतरला होता. हे लोक देवाचे शत्रू आहेत, असं बेथुएलच्या माणसांनी मनाशी ठरवलं. “हत्यारं द्या, तुम्हाला सुखरूप झऱ्यापर्यंत नेतो,” असं सांगून बारा जण त्यांच्या बाजूनं चालत निघाले. अर्ध्या वाटेवर कुणीतरी हाक दिली आणि बाराही जण वळले. फक्त तान्ही आणि लहान पोरं तेवढी जिवंत राहिली.

सिनेमासाठी गावातली माणसं हवी होती. तांड्यातले लोक व्हायला दोन दिवसांत नव्वद जण आले. मरायला सगळे एका पायावर तयार! मारणाऱ्यांच्या यादीत मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. ब्रदर निल्सननं तर तीस वर्षं वाढवलेली दाढी एका दुपारीत उतरवली, उगाच कुणाच्या नजरेत भरायला नको म्हणून. शेवटी शहरातून कॉलेजची अकरा पोरं आणली. बारावा हा—हार्लन स्पिअर्स. सिनेमासाठी बैल घेऊन आर्कन्सातून आलेला.

अर्विलानं कोटावर नावाची चिठ्ठी टाचली. त्यानं मान वाकडी करून वाचली.

“लायमन लुडलो... तुमच्या घरातला?”

“बाबांचे पणजोबा.”

“अच्छा.” त्यानं ती चिठ्ठी बोटानं सरळ केली. “माझ्या पणजीच्या आईला या कुरणातून उचलून बाहेर आणलं होतं. चार वर्षांची होती. तिची आई इथंच राहिली.”

अर्विलाच्या हातातली टेप खाली पडली.

“मग तुम्ही नका घालू हा कोट,” ती कशीबशी म्हणाली.

“कुणीतरी घालायला हवाच ना? आणि मापं घेणारी इतकी चुका करतेय, तर पुन्हा पुन्हा यावं लागेल. तेवढाच फायदा.”

आता मात्र ती हसली. व्हायचं ते झालंच.

मग दहा दिवस तालमी झाल्या. अर्विला तांड्यातली बाई होती, टोपडं बांधून चालायची; हार्लन तिच्या बाजूनं, लाकडी बंदूक खांद्यावर घेऊन. रानझुडपांचा कडवट वास, पायांखाली लाल धूळ, आणि कानाशी त्याचा दबका आवाज.

“टोपडं छान दिसतं तुला.”

“टोपड्यात कुणीच छान दिसत नाही.”

“तेच म्हणतो. तरी दिसतेस.”

दुपारी ती बरणीतले पीच घेऊन जायची. तो बैलांना आधी द्यायचा. मोझेस आणि आरन अशी बैलांची नावं. “ते दोघं माझ्यापेक्षा शहाणे,” तो म्हणायचा. “कुणी आवडलं तर सरळ जाऊन हात चाटतात.” अर्विला लाल व्हायची आणि झाकण शोधत बसायची.

पण हाक आली, की सगळं बिघडायचं. कॉलेजची पोरं चटकन वळून बंदुका रोखायची. हार्लनची बंदूक अर्ध्यावर यायची आणि खाली जायची. दिग्दर्शिका ओरडायची. तो पुन्हा पहिल्या जागेवर जाऊन उभा राहायचा.

शेवटच्या तालमीनंतर तो कुंपणाशी उभा होता. अर्विला जवळ गेली.

“उद्या तरी जमेल का?”

“तुझ्यावर बंदूक रोखायला जमत नाही, हे एक.” त्यानं कोटाची कॉलर ओढली. “दुसरं—हा कोट माझा नाहीच, अर्विला. मला कुणाची माफी नको. पण तुमच्यातलं कुणीच आपल्या जागी उभं राहत नाही, आणि मी माझ्याच माणसांना मारायचं सोंग करतोय! उद्याचं शूटिंग उरकलं, की बैल ट्रकमध्ये चढवतो आणि निघतो.”

“आणि... मी?”

“तुला एक विचारायचं होतं.” तो दूर बघत म्हणाला. “पण हा कोट अंगावर असताना नाही विचारवत.”

बिशप लुडलो संध्याकाळी मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होते. अर्विलानं तोंडाला जाळीसुद्धा बांधली नाही, सरळ पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“बाबा, उद्या लायमनचा कोट तुम्ही घाला. आता जो घालतोय, त्याच्या पणजीची आई चार वर्षांची असताना याच कुरणातून वाचली होती.”

त्यांच्या हातातलं धुराचं भांडं थांबलं. “सिनेमावाले जातील उठून. मला याच माणसांत बसायचंय.”

“तीसुद्धा त्याच बारा घरांतली आहेत ना?”

“लायमन वाईट माणूस नव्हता. या गावाला पाट खणून पाणी त्यानं आणलं.”

“मग त्याच्या कोटाची एवढी भीती का वाटते तुम्हाला?”

बिशपांनी पेटी मिटली. “आजोबांनी मला मांडीवर घेऊन त्याच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या,” ते म्हणाले. “ही सोडून. ही मला शाळेतल्या एका मुलानं सांगितली. मी त्याचं नाक फोडलं.” आणि ते दुसऱ्या पेटीकडे वळले. अर्विला रडतच घरी गेली. हार्लन निघून जाणार, याचं तिला दुःख होतंच. पण त्याला थांब म्हणायला आपल्याला तोंड नाही, हे जास्त लागलं होतं.

सकाळी कुरणात सगळं गाव जमलं. हार्लन बैल जुंपून आला, आणि बघतो तर त्याचा कोट अर्विलाच्या अंगावर! बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

“हे काय?”

“तू तांड्यात जा. आमच्या घरचं काम मी करते.”

“अहो बाई, लायमनला दाढी आहे!” दिग्दर्शिकेनं डोक्याला हात लावला.

“मग चिकटवा.”

गर्दी बाजूला झाली. टाय लावलेले बिशप लुडलो गवतातून चालत आले.

“काढ तो कोट.”

“नाही काढणार, बाबा.”

“काढ म्हणतो ना. बाह्या लांब होतात तुला.” त्यांनी स्वतःच्या हातानं तिची बटणं सोडली आणि कोट अंगात चढवला. तो त्यांना चपखल बसला. दिग्दर्शिकेनं दाढी त्यांनाच चिकटवायला लावली.

तांडा निघाला. बिशप हार्लनच्या बाजूनं चालत होते, अर्विला दोन पावलं मागे.

“काय नाव तिचं?” समोर बघत बिशपांनी विचारलं. “त्या चार वर्षांच्या...”

“ॲडेलिया.”

“ॲडेलिया,” बिशप म्हणाले. ते नाव त्यांनी आणखी एकदा उच्चारलं. तेवढ्यात हाक आली.

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून दिग्दर्शिका आपली खुर्ची सोडून उभी राहिली. बार उडाले. हार्लन गवतात कोसळला. त्याच्याजवळच अर्विला पडली.

“हलू नका!” भोंग्यातून आवाज आला. “कॅमेरा वरून फिरतोय. मेलेले हलत नाहीत!”

वारा गवतावरून गेला. अर्विलाच्या मनगटावर एक मुंगी चढली. तिचे डोळे मिटलेले होते.

“अर्विला...”

“मेलोय आपण. गप्प.”

“आता विचारू?”

ती श्वास रोखून पडून राहिली.

“मला तू आवडतेस. फार. पहिल्या दिवशी मापं चुकलीस ना, तेव्हापासून. मी नाही गेलो, राहिलो इथंच, तर... चालेल?”

“चालेल,” ती ओठ न हलवता म्हणाली. तिच्या बंद डोळ्यातून थेंब निघाला आणि कानाकडे गेला. पुसायची सोय नव्हती. “पण बैलांना सांगितलंस का?”

“त्यांना आधीच माहीत होतं.”

“हसवू नकोस ना... पोट हलतंय माझं.”

त्यांच्या डोक्याशी बिशप लुडलो बंदूक घेऊन उभे होते. त्यांनाही हलायची परवानगी नव्हती. खाली मान घालून ते सगळं ऐकत होते.

“रविवारी दोन वाजता जेवायला ये,” ते पुटपुटले. “आणि आता गप्प पडा दोघंही. मला हे पुन्हा नाही जमायचं.”