उंबऱ्यापाशी ओली माती

"काही हरवलंय का?"

आवाज मागून आला. ती तेव्हा भेगाळलेल्या गाळात कोपरं टेकून, डोळ्याला भिंग लावून पालथी पडली होती.

"नाही, सापडलंय!" ती मान न वळवता म्हणाली. "आणि पुढे पाऊल टाकू नका. तुमच्या बुटाखाली येईल."

"काय येईल?"

"तेच तर कळत नाहीये…"

मग तिनं वर पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि डोळ्यांत न मावणारं हसू.

"मी या धरणाचे दरवाजे सांभाळतो," तो म्हणाला. "इथे कुणी दिसलं तर हाकलायचं, असा हुकूम आहे."

"मग हाकला ना."

"हाकलतोय की…" असं म्हणत तो तिच्या शेजारी उकिडवा बसला.

विद्यापीठात ती वनस्पतींचं वर्गीकरण शिकवायची. मुलं पाठीमागे तिला 'भिंगबाई' म्हणत. विभागातले बाकीचे सगळे कधीच नव्या यंत्रांकडे वळले होते. ही मात्र वाळवलेल्या झाडांच्या कपाटांत दिवस दिवस रमायची, आणि कपड्यांना येणाऱ्या डांबरगोळ्यांच्या वासाचंही तिला काही वाटत नसे. आई फोनवर करवादायची, "झाडांना नावं देतेस आणि आलेल्या स्थळांना नावं ठेवतेस! असंच चालायचं का जन्मभर?"

त्या कपाटांत एका कागदावर एक तपकिरी, पानांसकट वाळलेली काडी चिकटवलेली होती. धरण होण्याआधी कुणीतरी या खोऱ्यातून नेलेली. तिला फूल नव्हतं, आणि फुलावाचून नाव देता येईना. झाड पाण्याखाली गेलं, संपलं, असंच सगळे धरून चालले होते. पण यंदा पाणी कधी नव्हे इतकं ओसरलं. बुडालेली जुनी वस्ती उघडी पडली, आणि तिच्या गाळातून तीच पानं वर आली. कळ्यांसकट!

कळ्या मात्र काही केल्या उमलेनात. ती पुन्हा पुन्हा येऊ लागली. गाळातून पायी यायला वेळ लागतो म्हणून तो तिला नावेतून आणू लागला. नाव वल्हवताना तिच्याकडे बघायचा, आणि तिनं बघितलं की पाण्याकडे.

"तुम्ही झाडांकडे बघता तसं माणसांकडे कधी बघता?" एकदा त्यानं विचारलं.

"माणसं एका जागी थांबत नाहीत."

"मी थांबतो ना…" तो म्हणाला. आणि वल्ही खरंच थांबवली. तिचे कान तापले. तिनं उगाचच पिशवीत भिंग शोधलं. ते तिच्या गळ्यातच होतं.

वस्तीत आता घरं अशी उरली नव्हती. कमरेएवढ्या भिंती आणि त्यांच्यामध्ये साचलेला गाळ. पक्षी नाही, किडा नाही. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येईल अशी शांतता. एका उंबऱ्याभोवती ती रोपं ओळीनं उभी होती, कुणी हातानं लावावीत तशी. आजूबाजूची जमीन तडकलेली, पण त्यांच्या मुळाशी माती ओली. ताजी ओली.

"यांना पाणी घालता ते बरं करता," ती म्हणाली.

"मी?" तो चमकला. "मला वाटलं, तुम्हीच घालता."

दोघांनीही खाली पाहिलं. मातीतलं पाणी हळूहळू मुरत होतं…

पुढच्या खेपेला तो नाव बांधत मागे राहिला होता. आतली रोपं बघायला तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला, तोच कानाशी कुणीतरी बोललं. ठसठशीत, बायकी आवाज.

"सूनबाई, चपला बाहेर."

"हो हो," म्हणत तिनं चपला काढल्यासुद्धा! मग भान आलं. समोर छप्पर नव्हतं, माणूस नव्हतं. फक्त गाळ, आणि त्यावर ऊन.

ती अनवाणीच नावेपर्यंत धावली. हसत हसत तिनं त्याला सांगितलं, "तुमच्या वस्तीत मला सासू भेटली!"

तो हसला नाही. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते आत्याचं घर," तो म्हणाला. "तिनंच मला वाढवलं. वस्ती उठली तेव्हा मी शाळकरी होतो. सामान गाडीत चढलं, मी चढलो. आत्या म्हणाली, दारातलं निळ्या फुलांचं एक रोप घेऊन येते, तू बस. ती गेली… आणि तिच्याआधी पाणी वर आलं."

त्यानं तिला नावेत बसवलं आणि बांधलेला दोर सोडला.

"तुम्ही आता इथे येऊ नका," तो म्हणाला. "तसंही उद्या दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत."

"उद्या? कळ्या आज-उद्याच उमलतील! तुमचे दरवाजे उघडे ठेवा ना, पाणी इथे न साचता खाली जाऊ दे. एकच दिवस…"

"खाली नदीकाठी माणसं राहतात, बाई."

तिनं मान डोलावली. पण चपला तिथेच राहिल्या होत्या, आणि जीवही.

सकाळी ती एकटीच गाळातून चालत आली. धुकं इतकं दाट की पुढे केलेला हात दिसेना. उंबरा मात्र दिसला. आणि उंबऱ्याशी, करंगळीच्या नखाएवढं, निळंभोर फूल.

तिनं बैठक मारली. भिंग, चिमटा, सुई. पाकळ्या मोजल्या, परागकोश उघडून पाहिले. जगातल्या कुठल्याच फुलाशी ते जुळत नव्हतं. आनंदानं तिचे डोळे भरून आले. पायाशी गार लागलं ते तिच्या गावीही नव्हतं.

"सूनबाई, ऊठ."

"एकच मिनिट…"

"ऊठ म्हणते ना! पाणी आलं."

आणि ओल्या, बर्फासारख्या गार पंज्यानं तिचा दंड धरून तिला उभं केलं. पाणी घोट्याच्या वर होतं. चहूकडे धुकं, वाट कुठेच नाही. पाठीत एक सणसणीत धक्का बसला आणि ती फूल मुठीत घेऊन, ढकललं त्याच दिशेनं धावत सुटली. कमरेएवढ्या पाण्यात नाव तिच्यासमोर उभी राहिली.

त्यानं तिला वर ओढलं.

"पाणी वेळेआधी सोडलं. घरी फोन केला, तू नव्हतीस… वेडी आहेस का गं?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

तिनं दंडाकडे पाहिलं. बाहीवर पाच बोटांचा गाळ उमटला होता. त्यानंही पाहिला. आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बोलून गेला.

"मलाही ऐकू यायची. पहिल्या दिवसापासून. 'सूनबाईला घेऊन ये' म्हणायची. तुलाही ऐकू आली तेव्हा मी घाबरलो. वाटलं, ती तुला खाली बोलावतेय… तिच्या घरी. म्हणून येऊ नको म्हणालो. आवडत नव्हतीस म्हणून नव्हे."

"मग आवडते का?"

"विचारतेस काय!"

"सगळ्या जगाआधी तुझ्या आत्याबाईंनी मला सूनबाई केलं. तू मात्र अजून विचारलंही नाहीस."

तो गोंधळला. मग अगदी हळू म्हणाला, "ते नाव… तुला चालेल?"

तिनं मूठ उघडली. निळं फूल त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली.

"आमच्या शास्त्रात एक नियम आहे," ती म्हणाली. "पहिलं दिलेलं नाव तेच कायम. नंतर कुणालाही बदलता येत नाही."

त्यानं दोन्ही हातांत तिचे हात घेतले. वल्ही नावेच्या तळाशी पडून होती. वारा नव्हता, प्रवाह उलटा होता.

तरी नाव काठाकडे सरकत होती.